कांचेचा गोठा

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरीं आलेला पाहुणा बाहेरच्या खोलींत फार वेळ बसत नाहींसा झाला. चहाचा पेला हातीं घेऊन तो इकडे तिकडे पाही, त्याची दृष्टि कोपऱ्यांतील मेजावर जाई, आणि मग आपणांस कोठें तरी तांतडीनें जावयाचें असल्याची त्याला एकाएकीं आठवण होई. मेजावर एक कांचेची पेटी होती. तिच्यांत माती, खापराचे दोन तुकडे व पाण्याच्या दोन बशा होत्या. आणि नीट निरखून पाहिलें तर खापराच्या छायेंत हाताच्या पंजाएवढा, काळसर तपकिरी, केसाळ कोळी बसलेला दिसे. पेटीच्या दुसऱ्या भागांत तसाच दुसरा. दोहोंच्या मध्यें कांचेची भिंत. त्या भिंतीचीच हकीकत मी येथें सांगणार आहें. ती मीं दोनदां बांधली, आणि पहिल्या वेळीं चुकीची बांधली.

मे महिना होता. शाळेस सुटी लागून प्रयोगशाळेला कुलूप पडलें होतें. आमच्या नववीच्या वर्गांतील एक मुलगा भोकरदन तालुक्यांतील आपल्या गांवाहून दुपारच्या एस्. टी. नें जालन्यास आला व घामानें निथळत माझ्या दारांत उभा राहिला. त्याच्या हातांत गोड्या तेलाचा रिकामा डबा असून झांकणास खिळ्यानें भोकें पाडलेलीं होतीं. त्याच्या चुलत्यांच्या रानांत शेततळ्याची खोदाई चालली होती. यंत्राच्या दांतांनीं डोंगराकडील बांध उकरला, तों ढेकळांबरोबर दोन मोठे कोळी बाहेर पडले. मजूर पायताणें घेऊन धांवले, आणि ह्या मुलानें मध्यें डबा घातला. "सर, मारायलाच निघाले होते," एवढेंच तो म्हणाला. वाटेंत शेजारच्या उतारूनें डब्यांत काय आहे म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें 'तूप' असें उत्तर दिलें होतें. खोटें बोलल्याबद्दल मीं त्याला रागें भरावयास हवें होतें. पण भरलेल्या गाडींत खरें सांगितलें असतें तर काय झालें असतें, तें मनांत आणून मी गप्प राहिलों.

डबा उघडला तेव्हां मला नवल वाटलें तें आंतील पुठ्ठ्याचें. दोघी एकत्र राहिल्या तर एक दुसरीस खाईल हें ओळखून त्यानें डब्याच्या मधोमध पुठ्ठ्याचा तुकडा घट्ट उभा बसविला होता. एका बाजूची अंगानें भरलेली होती. दुसरीचा डावीकडील एक पाय खोदाईंत तुटून गेला होता. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. त्यानें वाटेंतच त्यांना गाईंचीं नांवें देऊन टाकलीं होतीं. धडधाकट होती ती कपिली, आणि लंगडी ती हरणी. ओळखीच्या एका वनरक्षकास मीं हें कळविलें, तेव्हां पाय बरा झाला कीं जवळच्या टेकडीवर सोडून द्या, असें त्यानें सांगितलें.

आतां माझ्या आईविषयीं सांगितलें पाहिजे. तिचें वय पंचाहत्तरीच्या पुढें गेलें आहे. तिच्या लहानपणीं कडब्याची गंजी उतरवितांना तिच्या पाठच्या भावाला विंचू चावला, व दुसऱ्या दिवशीं सूर्य उगवण्यापूर्वीं तो गेला. पुढें १९८८ सालीं माझी धाकटी बहीण सात वर्षांची असतां तिच्याही पायास विंचवानें नांगी मारली. तिचें अंग थंडगार पडलें, घामानें परकर भिजला, तोंडाला फेंस येऊं लागला. रात्रीं बैलगाडींतून तिला तालुक्याच्या गांवीं नेलें. तेथील डॉक्टरांनीं एक लहानशी गोळी दिली, आणि ती वांचली. ती गोळी रक्तदाबावरची होती हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. तांबड्या विंचवाच्या विषानें रक्तवाहिन्या आंखडतात, हृदयावर असह्य ताण पडतो व फुप्फुसांत पाणी भरतें. त्यावर प्राझोसिन हें औषध लागू पडतें, असें महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून ताडलें व १९८६ सालीं 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडांतील वैद्यकीय पत्रांत जगापुढें मांडलें. हे बावस्कर मूळचे आपल्याच जिल्ह्यांतील देहेडचे. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाल्याचें ऐकून आईनें देवापुढें साखर ठेविली होती.

अशा बाईच्या घरांत मी तो डबा आणला. तिनें दुरूनच डोकावून पाहिलें व म्हणाली, "हे तर इंचवाच्या भावकीतलं." प्राणिशास्त्राचेंही म्हणणें हेंच आहे. कोळी आणि विंचू दोघेही अष्टपाद वर्गांतले. आईनें पुस्तक न उघडतां त्यांची भावकी ओळखली. मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "ठेवायचंच असंल तर काचेत ठेव. मला दिसलं पाहिजे, आन् मला शिवलं नाही पाहिजे." माठ किंवा लांकडी खोकें तिला नको होतें. जें दिसत नाहीं त्याचेंच तिला भय अधिक. पेटी कांचेची कां, असें पुढें अनेकांनीं मला विचारलें. त्यांना द्यावयाचें उत्तर मला पहिल्याच दिवशीं मिळालें होतें.

इंग्रजींत ह्या कुळाला टॅरंटुला म्हणतात. नांव मात्र उसनें आहे. इटलींतील तारांतो शहराच्या आसपास आढळणाऱ्या एका वेगळ्याच कोळ्याचें तें नांव. तो चावला असतां मनुष्यानें नाचत सुटावें म्हणजे विष उतरतें, अशी तेथील लोकांची समजूत होती. पुढें युरोपियन लोक अमेरिकेंत गेले, तेथें त्यांनीं मोठे केसाळ कोळी पाहिले, आणि हेंच नांव त्यांना चिकटविलें. मारिया सिबिला मेरिआन ह्या विदुषीनें सुरिनामांत राहून १७०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, असा कोळी एका चिमुकल्या पक्ष्यास खात असल्याचें चित्र काढलें. पुष्कळांनीं तिला खोटें ठरविलें. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं हेन्री वॉल्टर बेट्स ह्या प्रवाशास ॲमेझॉनच्या प्रदेशांत तसाच प्रकार प्रत्यक्ष दिसला. त्याच बेट्सनें असेंही लिहून ठेविलें आहे कीं, तेथील मुलें असल्या एका कोळ्याच्या कमरेस दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखें घरभर हिंडवीत होतीं. हें ऐकून आमच्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. म्हणून विद्यार्थिमित्रांस येथेंच सांगून ठेवतों, कीं आपल्या देशांतील ह्या कोळ्यांशीं असला खेळ करूं नये. अमेरिकेंतील पुष्कळ जाती पोटावरचे खाजरे केस झाडून शत्रूला पळवून लावतात. आपल्याकडील जातींना तें शस्त्र नाहीं; त्यांची सारी भिस्त चपळाईवर आणि दांतांवर. मीं त्यांना एकदांही हात लावला नाहीं. हलविण्याची वेळ आली कीं पालथा डबा आणि जाड कागद एवढींच माझीं हत्यारें.

पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच केली. कांच पांच मिलिमीटर जाडीची. बाजारांतील एका कांचवाल्यानें हिरकणीनें ती कापून कडा घांसून दिल्या, व सांधे सिलिकॉननें मीं घरींच जोडले. हा डिंक ओला असतां शिरक्यासारखा वास मारतो. तो वास पुरता जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, आंत प्राणी सोडूं नये. फूटभर उंचीपैकीं निम्मी मातीनेंच भरावयाची आहे हें ऐकून कांचवाला हंसला. पण बिळांत राहणारे हे कोळी कांचेवरही चढतात आणि मग खालीं पडतात. त्यांचें पोट पातळ कातडीच्या पिशवीसारखें असतें. हातभर उंचीवरून पडलें तरी तें फुटूं शकतें. झांकणास तारेची जाळी लावण्याचा माझा विचार होता. तोही सोडावा लागला, कारण पायांच्या टोंकांच्या बारीक नख्या जाळींत अडकून पाय उपटतो, आणि हरणीजवळ एक पाय आधींच कमी होता. शेवटीं ॲक्रिलिकच्या पातळ फळीस बारीक भोकें पाडून तिचें झांकण केलें.

मातीनें मला पुष्कळ शिकविलें. आपल्या रानांतील काळी माती वाळली कीं भेगाळते व बिळें ढांसळतात. म्हणून तिच्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला. पाणी वरून शिंपडावयाचें नाहीं. एका कोपऱ्यांतून हळूहळू सोडावयाचें, म्हणजे वरचा थर कोरडा राहून तळाशीं ओल टिकते. कांचेच्या आंत ओल किती दिवस टिकते, हें लंडनमधील नाथॅनियल वॉर्ड नांवाच्या डॉक्टरला १८२९ मध्यें अवचित कळलें होतें. पतंगाचा कोश ओल्या मातींत घालून त्यानें तो झांकलेल्या बाटलींत ठेवला होता, तों मातींतून नेचा व गवत उगवलें. पुढें त्याच्या पेट्यांतून चहाचीं रोपें चीनमधून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जिवंत आलीं. आईला ह्या गोष्टीचें कौतुक नव्हतें. २०१३ च्या दुष्काळांत टँकरच्या रांगेंत उभी राहिलेली ती बाई, "कोळ्याला पाणी?" असें ती रोज म्हणे. तरीपण मेजाच्या चारी पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची युक्ति तिचीच. दुभत्याच्या कपाटाला मुंग्या लागूं नयेत म्हणून तिनें जन्मभर जें केलें, तेंच येथें उपयोगीं पडलें.

आतां भिंत. खर्च अंदाजाबाहेर गेला होता. मधल्या भिंतीसाठीं आणखी कांच घेण्याऐवजीं मीं पाट्या रंगविणाऱ्या एका दुकानांतून ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा मागून आणला. तो रुंदीस बरोबर होता. उंचीस मात्र चार सूत, म्हणजे अर्धा इंच, तोकडा. समोरासमोरच्या कांचांवर ॲल्युमिनियमच्या दोन खांचा चिकटवून त्यांत तो वरून सरकविला, वरची कड झांकणाशीं जुळविली व सिलिकॉनच्या दोन थेंबांनीं तेथेंच धरून ठेवला. तळाशीं राहिलेली अर्ध्या इंचाची फट मातीखालीं गेली. वर सहा इंच माती असतां खालच्या फटीनें काय बिघडणार, असा मीं हिशेब केला. त्या वेळीं मनांत शंका आलीच नाहीं असें म्हणवत नाहीं. पण काम संपत आलें होतें, आणि मला तें संपवावयाचें होतें.

अठरा दिवस सर्व सुरळीत चाललें. दोघींनीं आपापल्या खापरांखालीं बिळें केलीं व त्यांच्या तोंडाशीं रेशमाचें अस्तर लाविलें. आठवड्यांतून एकदां रातकिडा अथवा झुरळ मिळे. कपिली फार कष्टाळू. ती रात्रीं माती बाहेर आणून टाकी, आणि सकाळीं भिंतीशीं वाढलेला ढीग मी आल्यागेल्यास कौतुकानें दाखवीत असें.

एकोणिसाव्या दिवशीं सकाळीं तिचा खण रिकामा दिसला. ती खापराखालीं नाहीं, बिळांत नाहीं. झांकणाचा अडसर जागच्या जागीं; भिंतही उभी. आई पलंगावर पाय वर घेऊन बसली. "मी सांगितलं होतं," असें ती म्हणाली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. दोन तास मीं घर उलथेंपालथें केलें. गाद्या झटकल्या, ज्वारीची कोठी उपसली, जोडे काठीनें पालथे केले. शेवटीं आईच पलंगावरून म्हणाली, "अरे, पलीकडच्या खणात बघितलंस का?" हरणीच्या बिळाच्या तोंडाशीं दोन पाय आणि एक चुरगळलेला काळा गोळा पडला होता. माती उकरली तेव्हां भिंतीच्या तळाखालून गेलेलें भुयार सांपडलें. कपिली खणत खणत परक्या घरांत शिरली होती, आणि लंगड्या हरणीनें आपलें घर राखलें होतें. कोळ्याच्या अंगाचा पुढला कठीण भाग जेथून जातो तेथून सबंध कोळी जातो. बीळ खणणें हाच जिचा धंदा, तिला अडविण्यासाठीं मीं मातीवर विसंबलों होतों.

आतां मुलाला काय सांगावें? शाळा उघडण्यास चार दिवस होते. ती आपोआप मेली असें सांगितलें असतें तर त्याचा विश्वास बसला असता. कोळ्याच्या मरणाची चौकशी कोण करतो? ते चार दिवस मला बरे गेले नाहींत. प्रयोगाच्या वहींत मागाहून आंकडे जुळविणाऱ्या मुलांना मीं वर्गांत किती वेळां उभें केलें असेल! शाळा उघडली त्या संध्याकाळीं मीं त्याला घरीं आणलें, सर्व सांगितलें, आणि तो ॲक्रिलिकचा तुकडा, मोजपट्टी व पेटीची उंची त्याच्यापुढें ठेविली. त्यानें मोजलें. "चार सूत," तो म्हणाला. नंतर बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. जातांना दारांत वळून म्हणाला, "सर, माझा पुठ्ठा खालपर्यंत टेकला होता."

मीं पेटी रिकामी केली. हरणीस तोंवर एका बरणींत ठेविलें. ह्या खेपेस भिंत पांच मिलिमीटरच्याच कांचेची करून घेतली, ती मोजून तळाला टेकविली, व दोन्ही बाजूंनीं आणि तळाशीं, दोन्ही अंगांनीं, सिलिकॉनची सबंध रेघ ओढली. प्रत्येक खणास झांकण वेगळें, अडसर वेगळा. एक उघडतांना दुसरें बंदच राहावें. खांचांमुळें पहिली भिंत काढतां येत असे, हिला तें सुख नाहीं. पेटी धुवावयाची तर सगळी माती काढावी लागते. तेवढा त्रास मला मान्य आहे.

पहिल्या पावसांत शेततळ्याचा तोच बांध आणखी ढांसळला, आणि मुलगा पुन्हां डबा घेऊन आला. ह्या वेळीं आंत एकच होती, तांबूस रंगाची. तिचें नांव तांबू. परंतु त्यानें डबा उघडला नाहीं. "सर, आधी भिंत दाखवा," तो म्हणाला. शिक्षकाची परीक्षा विद्यार्थ्यानें घ्यावी असा प्रसंग माझ्यावर वीस वर्षांत आला नव्हता. त्यानें आईजवळ कळशीभर पाणी मागितलें, माती भरण्यापूर्वीं तें एका खणांत ओतलें, व दुसऱ्या खणांत कोरडा कागद पसरून तो मांडी घालून बसला. पांच मिनिटांनीं कागदाच्या एका कोपऱ्यावर ओलीचा ठिपका उमटला. त्या ठिकाणीं त्यानें पेन्सिलीनें खूण केली आणि डबा घेऊन वसतिगृहाकडे निघून गेला. मीं सांधा खरवडून पुन्हां भरला, चार दिवस वाळूं दिला. दुसऱ्या परीक्षेंत कागद अर्धा तास कोरडा राहिला, तेव्हां तांबू घरांत आली.

अशा रीतीनें पेटी गजबजली. येणाऱ्यांपैकीं एका गृहस्थानें मात्र निघून जाण्याऐवजीं, हे कोठें विकत मिळतात, किंमत काय पडते, असें विचारलें. मीं त्यांना गुत्तीची गोष्ट सांगितली. आंध्रांतील गुत्ती येथें रेल्वेच्या लांकडांच्या वखारींत निळ्याभोर रंगाचा एक झाडावरचा कोळी सांपडला, व पोकॉक ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८९९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मग शंभर वर्षें तो कोणास दिसला नाहीं. २००१ मध्यें नंद्याल व गिद्दलूर ह्यांच्या मधल्या जंगलांत तो पुन्हां आढळला, आणि परदेशांतील शौकिनांच्या कांचपेट्यांतून त्याचा सुळसुळाट झाला; मूळचें रान मात्र तुटत गेलें, आणि २००८ सालीं तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. २०१९ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्याच्या सबंध प्रजातीचा व्यापार बंधनांखालीं आणावा लागला. कांचेची पेटी निरुपद्रवी दिसते, पण ती भरण्यासाठीं कोणी तरी कोठलें तरी बीळ उकरलेलें असूं शकतें. गृहस्थांनीं चहा संपविला व विषय बदलला.

श्रावणांत हरणीनें खाणें सोडलें. तिचें पोट काळवंडलें. बिळाच्या तोंडाशीं तिनें रेशमाची चटई विणली. कात टाकण्याचीं हीं लक्षणें ओळखून मीं आंतील रातकिडा काढून घेतला. कारण त्या अवस्थेंत कोळी इतका असहाय असतो कीं त्याचेंच भक्ष्य त्याला कुरतडूं शकतें. एका रात्रीं आईची हांक आली, "अरे, गेली रं ही!" हरणी उताणी पडून तिचे पाय वर झाले होते. मीं सांगितलें कीं मेलेला कोळी उताणा पडत नाहीं, तो पाय पोटाखालीं मुडपून घेतो. ही कात टाकीत आहे, कोणीं हात लावूं नये, पेटीस धक्का देऊं नये. मी पुन्हां जाऊन निजलों. आई निजली नाहीं. खुर्ची ओढून, दिवा मंद करून, ती त्या कांचेशीं हातभर अंतरावर बसून राहिली. पहाटे मी उठलों तेव्हां एकीकडे रिकामी कात पडली होती, दांतांसकट जशीच्या तशी; आणि दुसरीकडे ओलसर, फिकट अंगाची हरणी स्वस्थ बसली होती. आई कांचेवर बोट न टेंकवितां मोजीत होती. "आठ," ती म्हणाली. मीं वांकून पाहिलें. डावीकडे, जेथें कांहीं नव्हतें तेथें, इतरांहून बारीक व आंखूड असा एक नवा पाय आला होता.

शाळा सुटल्यावर मुलगा धांवत आला. त्यानेंही मोजले, पुन्हां मोजले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, आता बरी झाली. शनिवारी टेकडीवर न्यायची का? तांबूला पण?" वनरक्षकानें सांगितलें होतें तेंच तो बोलत होता, आणि मीं होकार देण्यासाठीं तोंड उघडलें. बाहेर झड लागली होती. पन्हाळीचें पाणी अंगणांत धो धो पडत होतें.

"पावसापाण्याचं कुठं सोडता रं तिला?" आई आंतून म्हणाली. "कातडं वलं हाय अजून तिचं."

मुलानें माझ्याकडे पाहिलें. शनिवार पुढें गेला.